माळवदावर माती कोण टाकतं? अंबाजोगाईतल्या जुन्या वाड्यांच्या सर्वेच्या नोंदी

५ एप्रिल

आज सर्वेचा फॉर्म फायनल केला, जुन्या वाड्यांची हेरिटेज यादी करून नगर परिषदेला मसुदा द्यायचा आहे. टीम म्हणजे आम्ही चारच जण, आर्किटेक्चरला असलेली एक पोरगी, सिव्हिल डिप्लोमावाला एक दोस्त, इतिहासाचे रिटायर्ड सर आणि फोटो काढायला व दारं वाजवायला मी. फॉर्म कोबो नावाच्या सर्वे ॲपवर टाकलाय, नेट नसलं तरी मोबाईलवर भरता येतो, लोकेशन आपोआप येतं, नंतर क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचं.

पहिला वाद लगेच झाला. सरांचं म्हणणं की यादीची सुरुवात हत्तीखाना लेण्यांपासून करा, मग बाराखांबीचं देऊळ, योगेश्वरीचं मंदिर, मुकुंदराजांची समाधी, संतकवी दासोपंतांची थोरलं आणि धाकटं अशी दोन्ही देवघरं. मी म्हणलं सर, ह्या सगळ्यांवर लिहून झालंय. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर, त्याचे अंब्यातले म्हणजे अंबाजोगाईतले शिलालेख, शके ११६२ च्या लेखात त्याच्या लेकीनं म्हणजे लक्ष्मीनं भावाच्या नावानं बांधलेलं रामनारायणाचं देऊळ, सगळं छापून आलेलं आहे. निजामानं १९१४ ला पुरातत्त्व खातं काढलं, गुलाम यझदानी त्याचे प्रमुख, तेव्हापासून लेणी देवळं मशिदी ह्यांच्याकडं कुणीतरी बघतंच आहे. पण गल्लीतला सात खणी वाडा कुठल्या कागदावर आहे? घरपट्टीच्या रजिस्टरला सोडून कुठंच नाही. शेवटी ठरलं की देवळं-लेणी एका पानात आटपायची आणि वेळ घरांना द्यायचा. सर थोडे नाराज आहेत पण येणार म्हणले.

फॉर्ममध्ये सध्या आहे ते असं: मालक, अंदाजे वर्ष, मजले, भिंत कशाची, छत कशाचं (माळवद, म्हणजे लाकडावर माती टाकलेलं सपाट छत, की दुसरं काही), लाकूडकाम, सध्या वापर काय, पडझड किती, प्रस्तावित ग्रेड.

८ एप्रिल

मंडी बाजाराच्या आतल्या गल्ल्या. पहिल्याच दारात प्रश्न, "रस्ता रुंदीकरणाचं आहे का?" दुसऱ्या दारात, "टॅक्स वाढतो का याच्यानं?" तिसऱ्या दारातल्या काकूंनी काहीच विचारलं नाही, चहा ठेवला आणि सगळं घर दाखवून झाल्यावर हळूच म्हणल्या, "आमचं घर सरकारजमा करणार नाहीत ना बाबा?"

ह्याचं उत्तर एकदाच नीट लिहून ठेवतो, टीममधल्या सगळ्यांना तोंडपाठ पाहिजे. लोकांच्या डोक्यात ते १०० मीटरचं बसलेलं आहे. तो नियम १९५८ च्या केंद्राच्या कायद्यातला, २०१० च्या दुरुस्तीनं आला, १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्याच्या पुढं २०० मीटर परवानगी घेऊन. पण तो केंद्राच्या संरक्षित स्मारकांना लागतो. गावाच्या हेरिटेज यादीत वाडा आला म्हणून शेजाऱ्याचं बांधकाम थांबत नाही आणि मालकीही कुठं जात नाही. ग्रेडप्रमाणं बदल करताना परवानगीचा भाग येतो, तेवढं खरं, ते लपवायचं नाही. ग्रेड एकला जवळपास हात लावता येत नाही, दोनला आतून जपून बदल करता येतो, तीनमध्ये बरीच मोकळीक असते. आणि यादी पक्की व्हायच्या आधी हरकती मागवतात, तेव्हा तुम्ही लिहून देऊ शकता. एवढं सांगितलं की बरेच जण दार उघडतात. काही नाहीच उघडत, त्यांचा बाहेरून फोटो आणि पुढं.

१२ एप्रिल

आजचा वाडा लई भारी निघाला. बाहेरून काही वाटत नाही, काळ्या दगडाची उंच भिंत, एक मोठा दरवाजा आणि त्यात दिंडी, म्हणजे छोटं दार. दिंडीतून वाकून आत गेलं की देवडी, मग चौक, तिन्ही बाजूनं ओसरी. सागवानी खांब, खाली घडीव तळखडे, चौकटीला गणेशपट्टी. माजघराच्या भिंतीत बळद, म्हणजे धान्य साठवायची जागा, त्यात आता जुन्या चपला आणि एक फुटका कुलर. घरात दोघंच, मालक सत्तरीच्या पुढचे आणि त्यांच्या मंडळी. पोरं पुण्यात.

मी वर चला म्हणलं. मालक म्हणले वर काय बघायचं, वर मातीच आहे.

पण वर गेलं पाहिजे हे आज पक्कं कळलं. माळवदाचा एक कोपरा मागच्या पावसाळ्यात खचलेला होता आणि तिथं सगळे थर कापून ठेवल्यासारखे उघडे पडलेत. खाली तुळई म्हणजे जाड आडवं लाकूड, तिच्यावर कड्या म्हणजे बारीक लाकडं, कड्यांवर आडवी किलचं म्हणजे लाकडाचे तुकडे, मग काटक्या-पाल्याचा थर, कुजून काळा झालेला, आणि त्याच्यावर पांढरी माती. आर्किटेक्टबाईनं टेप लावला तर माती दीड फुटाच्या वर भरली. आणि ती एकजीव नाही, पापुद्रे दिसतात, एकावर एक, दरसाल टाकलेले. बोटानं एक पापुद्रा उकरला तर त्यात खापराचा तुकडा निघाला, लाल, काठ वळवलेला, बोटाएवढा. मालक म्हणले असली खापरं लहानपणापासून बघतो, गढीची माती आहे ना ती.

तर ही पांढरी माती म्हणजे जुन्या वस्तीची, राखेची, खारट माती. तिच्यात गवत लवकर उगवत नाही, पाणी पडलं की घट्ट बसते, काळ्या मातीसारख्या भेगा पडत नाहीत, म्हणून माळवदाला हीच. पिढ्यानपिढ्या लोकांनी गढ्या आणि पांढरीची टेकाडं उकरून घरावर चढवली. म्हणजे सरांना ज्या जुन्या वस्तीचे पुरावे पाहिजेत ते निम्मे गावाच्या डोक्यावर पसरलेत. सर खापर हातात घेऊन बराच वेळ बसले होते, नाराजी तिथंच गेली त्यांची.

फॉर्ममध्ये रकाना वाढवला: माळवदावर शेवटची माती कधी टाकली, कुणी टाकली.

१४ एप्रिल

आंबेडकर जयंती, गावात मिरवणुका, काम बंद. घरी बसून फोटोंना नावं दिली. टीममधल्यांनी एकाच दरवाज्याचे पन्नास-पन्नास फोटो काढलेत आणि छताचा एकही नाही. ग्रुपवर टाकलं की दरवाजा एक फोटो, छत चार.

१७ एप्रिल

आज किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघाला आणि निघणारच होता, प्रत्येक घरात निघतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले. हजारो माणसं गेली, बावन्न गावं उठवून दुसरीकडं वसवावी लागली. अंब्यातही हादरा सगळ्यांनी खाल्ला आणि त्यानंतर किती तरी महिने लोक अंगणात झोपले. आजच्या आजी म्हणल्या, "तवापासून मी माळवदाखाली पाठ टेकली नाही." त्या पत्र्याच्या पडवीत झोपतात, मागं अख्खा वाडा रिकामा. उन्हाळ्यात पत्र्याखाली काय होतं ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको.

सिव्हिलवाल्या दोस्तानं ओसरीवर बसून समजावून सांगितलं, ते लिहून ठेवतो कारण हेच लोकांना सांगावं लागतं. किल्लारीत माणसं मेली ती दगडामातीच्या भिंती आणि माळवदाच्या वजनानं. आपल्याकडची भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते पण ती एक भिंत नसते, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधी चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतोच. हादरा बसला की दोन थर एकमेकांपासून सुटतात आणि कोसळतात. वरून माळवद. त्यात दरसाल जुनी माती न खरवडता नवी टाकत गेले की वजन वाढतच जातं, कुठं कुठं दोन फुटांवर माती मोजलेली आहे. पण बऱ्याच घरांत भिंती पडूनसुद्धा लाकडी सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळया, उभा राहिला होता. म्हणजे उपाय आहे. माती खरवडून सहा-आठ इंचावर आणायची, खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके टेकू ठोकायचे, भिंतीत ठरावीक अंतरानं भोकं पाडून सळई टाकून काँक्रीटचे आरपार बांध भरायचे. भूकंपानंतर दुरुस्तीच्या कामात हेच सांगत होते. पण सरकारी मदतीतून घर मिळणार म्हणल्यावर लोकांना आरसीसीच पाहिजे होतं, आणि त्या भीतीत ते चूक तरी कसं म्हणणार.

म्हणून मला आमच्याच लोकांचा "वारसा जपा" वाला सूर खटकतो. आजीला वारसा सांगून उपयोग नाही, तिला सांगायचं की वरची माती निम्मी केली तर हे छत तुमच्यावर येणार नाही. हे सांगितल्यावर आजींनी पहिल्यांदा विचारलं, "मग किती खर्च येतो?"

२२ एप्रिल

कागदांचा दिवस. एका घरी ट्रंक उघडली तर उर्दू, मोडी, मराठी तिन्ही. एका विक्रीखतावर बहमन १३३८ फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं साल. फसलीत ५९० मिळवायचे, महिना बहमन, म्हणजे १९२८ चं साल संपता संपता. रक्कम हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. त्याच घराच्या चौकटीवर शके १८४१, म्हणजे १९१९. मग खत कशाचं? उर्दू वाचणारे शेजारचे चाचा आले, चष्मा दोनदा पुसून वाचलं, तर ते घराचं नव्हतंच, मागच्या रिकाम्या जागेचं. म्हणजे मागची सोपी आणि आड नंतरची. "अंदाजे वर्ष" हा रकाना आता दोन केला, कागदावरून आणि बांधकामावरून.

पण खरी गोष्ट मालमत्ता पत्रकावर कळली. एका वाड्याला तेवीस नावं. आजोबा, त्यांची भावंडं, बहिणी, त्यातले निम्मे वारलेले, वारस नोंद नाही, काही हैदराबादला, एक घर अमेरिकेत. माळवदावर माती टाकायची तर खर्च कुणी करायचा? राहणारा म्हणतो माझा हिस्सा आठ आणे पण नाही, न राहणारा म्हणतो मी राहतो का तिथं. दोघांचंही बरोबर. तोवर पाणी मुरत राहतं. चाचा कागद घडी करत म्हणले, "घर सबका है, मट्टी किसकी नहीं."

आणखी एक रकाना: हिस्सेदार किती, गावात राहतात किती. मला आता वाटायला लागलंय की ह्या दोन रकान्यांवरून घर किती वर्ष टिकेल ते जास्त कळतं, लाकूडकामाच्या पानभर वर्णनापेक्षा.

२७ एप्रिल

सदर बाजाराकडची बाजू. इकडं ब्रिटिशांच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटचं, म्हणजे निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या फौजेचं घोडदळ असायचं, तेव्हा गावाचं नाव मोमिनाबाद. १९०३ ला कंटिन्जंट भारतीय सैन्यात मिळवलं. त्या काळच्या छावणीचा घाट अजून कळतो, सरळ रस्ते, मोठाली आवारं, जुन्या गावातल्या बोळांसारखं नाही. पण सुटी इमारत दाखवून ही त्यांचीच असं म्हणायला कागद पाहिजे, म्हणून "छावणी भाग, पडताळायचं" एवढंच लिहिलं. ऊन बेकार होतं, अकरालाच परत.

४ मे

जुनं लाकूड घेणारा भेटला. आम्ही मोजत असलेल्या वाड्यातच, टेप घेऊन, आम्ही खांबाची उंची घेतोय आणि तो जाडी. त्याचा हिशोब घनफुटात. नक्षीची चौकट वेगळ्या भावात, ती फार्महाऊसला आणि हॉटेलला जाते. माणूस वाईट नव्हता, उलट आम्हाला त्यानंच दाखवलं की ह्या खांबाला वाळवी खालून नाही वरून लागलीय, जिथं तुळई बसते तिथं, कारण पाणी वरून उतरतंय. खालून टोकून खणखणीत आवाज येतो म्हणून मालक निवांत होते.

मालकांनी त्याला अजून हो म्हणलेलं नाही. पण पोरगा फोनवर म्हणत होता की पप्पा येतील तेवढे घ्या, पावसाळ्यात पडलं तर फुकट जाईल. आता ह्या पोराला काय बोलणार, गणित त्याचंही बरोबरच आहे. आम्ही फक्त म्हणलं की दोन आठवडे द्या, दुरुस्तीचा अंदाज काढून देतो, मग ठरवा.

९ मे

गवंडी मामा आले, वय झालंय, आता काम फक्त बघतात. चुन्याचं काम त्यांनी बापाच्या हाताखाली केलेलं. घाणीत चुना-वाळू मळायची, बैल फिरवायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा. भिजवलेला चुना जितका मुरेल तितका चांगला. आम्ही त्यांना सिमेंट मारलेली एक भिंत दाखवली, दगडाच्या सांध्यात सिमेंट भरून वरून गिलावा, मालकानं लई खर्च केलेला. मामांनी गिलाव्यावर चावी वाजवली, बद्द आवाज आला. म्हणले आत ओल कोंडलीय. दगड-मातीच्या भिंतीत ओल येणार आणि जाणार, चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ती वर चढते किंवा आतच मातीचा चिखल करते. बघितलं तर गिलावा जिथं संपतो तिथून वर हातभर ओलीची पट्टी, पांढरा खार फुटलेला.

मामांना विचारलं की आता चुन्याचं काम करणारी माणसं आहेत का. म्हणले दोघं आहेत, एक माझा पुतण्या, तो सेंट्रिंगवर जातो कारण तिथं रोज हजेरी आहे. पुतण्याचा नंबर घेतला. हे सर्वेच्या फॉर्ममध्ये कुठं बसत नाही पण मी त्याला वेगळं पान केलंय, कारागीर म्हणून.

१६ मे

काल रात्री अवकाळी. वारं, गारा, लाईट गेली ती सकाळी आली. सकाळी सगळे आपापल्या भागात चक्कर मारून आलो. १२ एप्रिलच्या वाड्याचा तो खचलेला कोपरा अजून खाली आलाय, पण त्यापेक्षा मागची भिंत वाईट. ओळंबा सोडला तर मधोमध पोट सुटलंय, चार बोटं बाहेर. पन्हाळ, म्हणजे छताचं पाणी बाहेर टाकणारी नळी, बुजलेलं, त्यामुळं माळवदावरचं सगळं पाणी त्याच भिंतीच्या पोटात उतरलं. पन्हाळ साफ करायला कितीसा वेळ लागतो, पण सत्तरीतला माणूस वर चढणार कसा आणि शेजारचं पोरगं तरी दुसऱ्याच्या माळवदावर का चढेल.

दोस्तानं जागेवरच सांगितलं की भिंतीला बाहेरून टेकू द्या आणि त्या खोलीतलं सामान हलवा. बांबू-बल्ल्या लावल्या. पन्हाळ मीच मोकळं केलं, आतून चिमणीचं घरटं, प्लास्टिक पिशवी आणि पतंगाचा मांजा.

२४ मे

ग्रेडिंगची बैठक, चार तास चालली, भांडणं झाली. सरांना सगळ्या नक्षीच्या वाड्यांना दोन पाहिजे. आर्किटेक्टबाई म्हणते नक्षी नसलेली पण सलग उभी असलेली गल्ली जास्त महत्त्वाची, एका बाजूची सगळी माळवदाची घरं, एकसारखी उंची, दगडी कट्टे, हे एक घर म्हणून तीनमध्येही बसणार नाही पण गल्ली म्हणून बसतं. मला तिचं पटलं. गल्लीची वेगळी नोंद केली.

माझा हट्ट होता तो असा की ग्रेडसोबत एक धोक्याचा रंग द्या. लाल म्हणजे ह्या पावसाळ्यात जाऊ शकतं, पिवळं म्हणजे दोन-तीन वर्षं, हिरवं म्हणजे माळवदावर वेळेवर माती टाकली जातीय आणि कुणीतरी राहतंय. सर म्हणले हे हेरिटेजच्या पद्धतीत नाही. नसू दे. ग्रेड दोनचा वाडा लाल असेल आणि आपण नुसतं त्याच्या चौकटीचं वर्णन छापून मोकळं झालो तर पुढच्या वर्षी वर्णनच राहील. शेवटी रंग ठेवला. नकाशा प्रिंट केला तर लाल ठिपके जवळपास सगळे अशा घरांवर आहेत जिथं हिस्सेदार खूप आणि राहणारं एखादं म्हातारं जोडपं. लाकूड चांगलं का वाईट, बांधकाम कोणत्या काळातलं, त्याचा फारसा संबंध दिसला नाही.

३० मे

नगर परिषदेत मसुदा यादी दिली, पोच घेतली. दोन प्रती, एकीत ग्रेड, दुसरीत रंग आणि दुरुस्तीचा अंदाज. संबंधितांनी नकाशा भिंतीवर लावून घेतला, हरकतींची प्रक्रिया कशी करायची ते पुढच्या बैठकीत. ती आपली सावकाश चालणार.

पावसाला थांबता येत नाही म्हणून मृगाच्या आत लाल घरांवर काय करता येतं ते बघायचं. लाकूडवाला भेटला होता त्या वाड्याचा अंदाज काढून दिला, माती उतरवणं, दोन तुळया बदलणं, टेकू, पन्हाळं. पोरानं फोनवर ऐकून घेतलं, म्हणला निम्मे देतो, निम्मे काकांकडून काढा. काकांना फोन मालक स्वतः करणार आहेत, त्यांच्यात बोलणं बंद होतं म्हणे.

३ जून

मातीचा प्रश्न होता. खरवडून झाल्यावर वरचा थर नव्यानं टाकायला चांगली पांढरी माती लागणार आणि गढी उकरायची नाही हे आम्हीच सगळ्यांना सांगत फिरलोय. तलावातला गाळ चालत नाही, भेगाळतो. उत्तर गवंडी मामांनी दिलं: गावात दर महिन्याला कुठला ना कुठला वाडा पाडतात, त्याच्या माळवदाची माती ट्रॅक्टरनं बाहेर नेऊन रस्त्याकडंला टाकतात, तीच आणा, चाळा, खापरं बाजूला काढा आणि टाका. मुरलेली माती आहे, नवीपेक्षा बरी.

पाडकाम करणाऱ्या दोन ठेकेदारांना फोन केले. एकजण म्हणला घेऊन जा, माझं भाडं वाचतं. खापरं सर घेणार, कुठल्या घराची ते लिहून पिशव्या करणार. १२ एप्रिलच्या वाड्याची माती उतरवायला उद्या सकाळी सातला माणसं येतील, मामांचा पुतण्या सेंट्रिंगवरून तीन दिवस सुट्टी काढून येतोय, हजेरी तिथल्याइतकीच द्यायची ठरलीय. घमेली आणि चाळणी माझ्याकडं. ताडपत्री कुणाकडं असेल तर ग्रुपवर सांगा, रात्री आभाळ येतंय.